५ गुंठ्यांच्या प्लॉटवरचं ‘पोस्टमॉडर्न कोकणी’ घर: त्रिकोण, कमानी आणि पश्चिमेचा पाऊस

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. रत्नागिरीत कुवारबावच्या पुढे ५ गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट, ५५ फूट रुंद, ९९ फूट खोल, पश्चिमेला रस्ता. आई-वडील निवृत्तीनंतर तिथे कायम राहणार. तुम्ही आणि भाऊ शिमगा, मे महिना आणि गणपतीला मुलाबाळांसह येणार. आर्किटेक्टने दाखवलेल्या चित्रात रस्त्याकडे मोठा त्रिकोणी दर्शनी भाग, दुमजली उंचीचं पोर्च, तीन कमानी आणि जांभ्याच्या पातळ टाइल्स आहेत, आणि त्याला ‘पोस्टमॉडर्न कोकणी’ असं नाव दिलंय. भावाचं म्हणणं, हे सगळं सोडा, सपाट स्लॅब टाका. कोणाचं ऐकावं, असं तुम्ही विचारलंय.

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. घराला कोकणी रूप हवंसं वाटणं अगदी रास्त आहे, आणि चित्रातल्या बऱ्याच गोष्टी रत्नागिरीच्या पावसात त्रास देणार हेही खरं आहे. शैली कुठली हा मुद्दा त्यात दुय्यम. उपनगरातल्या प्लॉटवर राहण्याची रीत गावापेक्षा वेगळी असते, त्या रीतीने घराचा आकार बदलतो, आणि बदललेल्या आकारावर जुन्या घराच्या कोणत्या खुणा चालतील ते ठरवावं लागतं. मी त्यासाठी एकच कसोटी लावतो: खुणेला पावसात काम असलं पाहिजे.

पोस्टमॉडर्न म्हणजे काय, ते थोडक्यात. विसाव्या शतकातल्या आधुनिक वास्तुकलेने घरावरची जुनी ओळख पुसून टाकली होती: उतरतं छप्पर, कमान, नक्षी, सगळंच. पुढच्या पिढीने ती परत आणली, पण जशीच्या तशी नव्हे, खूण म्हणून. अमेरिकन वास्तुकार रॉबर्ट व्हेंचुरी यांनी फिलाडेल्फियाच्या चेस्टनट हिल भागात आपल्या आईसाठी बांधलेलं घर १९६४ मध्ये पुरं झालं. ते याचं सर्वांत प्रसिद्ध सुरुवातीचं उदाहरण. लहान मूल कागदावर काढतं तसा त्याचा दर्शनी भाग आहे: मोठा त्रिकोण, मधे प्रवेश, वर धुराडं. पण त्रिकोण मधोमध चिरलेला, आणि दारावरची कमान भार न घेणारी, भिंतीवर बसवलेली नुसती पट्टी. घर असं दिसतं, हे ते घर मुद्दाम सांगतं.

हे उपनगरात घडलं याला कारण आहे. तिथलं घर आपल्या प्लॉटमध्ये एकटं उभं असतं, गाडीतून जाणाऱ्याला काही सेकंदच दिसतं, आणि शेजारी नात्यातले नसतात. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन नावाची वसाहत उभी राहिली, हजारो घरं जवळजवळ एकाच साच्यातली. व्हेंचुरी आणि त्यांच्या सहकारी वास्तुकार डेनिस स्कॉट ब्राउन यांनी १९७० मध्ये येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन अशाच उपनगरी घरांचा अभ्यास केला. लोक दाराला, कुंपणाला, अंगणाला काय काय लावतात आणि त्यातून शेजाऱ्यांना काय सांगतात, हे त्यांनी गंभीरपणे पाहिलं.

आपल्याकडे रत्नागिरीलगतचं नाचणे, मिरजोळे, खेडशी, चिपळूणचं खेर्डी, कुडाळच्या हायवेलगतचे नवे प्लॉट, सगळीकडे हेच चालू आहे. वाडीतलं जुनं घर पाखाडी उतरून, कलमांच्या आडून, खळ्यात पाय ठेवला की दिसायचं. घर कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्याला दर्शनी बाजू अशी सजवावी लागत नव्हती. एनए लेआउटमध्ये शेजारी कोल्हापूरचा, समोरचा मुंबईचा, आणि घर रस्त्यावरूनच ओळखलं जातं. म्हणून कौलं, कमान, जांभा, तुळशीवृंदावन या सगळ्या खुणा समोरच्या १५ फुटांत गोळा होतात. यात वावगं काही नाही. फरक पावसाचा आहे. फिलाडेल्फियात वर्षाला ११०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तोही बारा महिन्यांत विभागून. रत्नागिरीत ३००० मिमीहून अधिक पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका. तिथे कमान नुसती चिकटवलेली चालून गेली. इथे तिच्यामागे पाणी शिरतं.

आता तुमच्या प्लॉटकडे येऊ. समोर १५ फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना १० फूट मार्जिन, म्हणजे नियमाने मोकळी सोडायची जागा, धरतो. नेमका आकडा प्लॉटचं क्षेत्र आणि रस्त्याची रुंदी यावर ठरतो, तेव्हा परवानगी देणाऱ्या कार्यालयातून लेखी घ्या. बांधता येईल अशी जागा उरते ३५ × ७४ फूट, म्हणजे अरुंद आणि खोल. जुनं कोकणी घर नेमकं उलटं असतं: आढं, म्हणजे छपराची सगळ्यांत वरची आडवी रेघ, पुढच्या अंगणाला समांतर, छपराचा लांब उतार समोर, त्याखाली पडवी. अरुंद प्लॉटवर डिझाइनर सोयीसाठी आढं फिरवतो, ते रस्त्यापासून मागे धावतं आणि गेबल, म्हणजे छपराच्या टोकाची त्रिकोणी भिंत, रस्त्याकडे येते. चित्रात ती छान दिसते, कारण घराची सगळ्यांत ओळखीची खूण तीच.

पण गेबलवर पाखा, म्हणजे भिंतीबाहेर उतरलेलं छप्पर, नसतो. ३५ फूट रुंदी आणि ३० अंशांचा उतार धरला तर आढं भिंतीच्या माथ्यापासून १० फूट वर जातं, म्हणजे साधारण १७५ चौरस फुटांची उघडी त्रिकोणी भिंत पश्चिमेच्या झडीसमोर उभी राहते. पहिल्या पावसात रंगाखाली फुगे, दुसऱ्या-तिसऱ्या पावसात आतल्या बाजूला ओल आणि काळी बुरशी, हा तिचा नेहमीचा क्रम. वॉटरप्रूफ रंगाने ते एखाद-दोन वर्षं लांबतं, एवढंच.

म्हणून तुमच्या जागी मी असं बसवेन. मुख्य घर ३२ फूट रुंद आणि २८ फूट खोल, आढं रस्त्याला समांतर. त्याच्या पुढे ८ फुटांची पडवी, मागे ६ फुटांची पडवी, मिळून खोली ४२ फूट. मुख्य छपराचा गाळा २८ फुटांचाच असल्याने ३० अंशांना आढं भिंतीच्या माथ्यापासून फक्त ८ फूट वर जातं. उत्तरेला १० फूट मोकळे, दक्षिणेला १३ फूट, मागे ४२ फुटांचं परसू. दोन्ही गेबल उत्तर-दक्षिणेला जातात. दक्षिणेची गेबल थोडी भिजते, तिथे छप्पर भिंतीच्या बाहेर किमान २ फूट काढा. रस्त्यावरून दिसेल ते लांब, खाली उतरलेलं छप्पर. त्रिकोणापेक्षा ही खूण जास्त कोकणी आहे आणि भिंत कोरडी ठेवते.

पडवीचं माप जरा नीट समजून घ्या, कारण चित्रातलं दुमजली पोर्च इथेच फसतं. वाऱ्याने पाऊस ४५ अंशांनी तिरका येतो असं धरा. पाख्याची कड पडवीच्या जमिनीपासून जेवढी उंच, तेवढाच आत पाऊस पोचतो, कडेपासून मोजून. कड ७ फुटांवर आणि खांबांच्या बाहेर अडीच फूट असेल, तर खांबांच्या आत साडेचार फूट ओले होतात आणि ८ फुटांच्या पडवीत भिंतीलगतची साडेतीन फूट जागा कोरडी राहते. तेवढ्यात बाकडं किंवा झोपाळा लागतो आणि दार उघडं ठेवता येतं. तीच कड १० फुटांवर नेली तर साडेसात फूट ओले, म्हणजे पडवी सगळी गेलीच. दुमजली पोर्चमध्ये कड १८-२० फुटांवर असते. जुलैत पाऊस थेट मुख्य दाराच्या चौकटीवर येतो आणि दार फुगून बसतं. समोर अर्धी भिंत घातली म्हणून हे टळत नाही, कारण सगळ्यांत आत पोचणारा थेंब कडेखालून, वरून येतो. जुन्या घरांत पाख्याखालून वाकून जावं लागायचं, त्याचं कारण हेच.

७ फुटांची कड साधायची तर पडवीचं छप्पर घराच्या भिंतीला १२ फुटांवर सुरू करा. साडेदहा फुटांच्या आडव्या अंतरात ५ फूट उतार मिळतो, म्हणजे साधारण २५ अंश. मंगलोरी कौलाला मी यापेक्षा कमी उतार देत नाही. त्याखाली गेलं की वाऱ्याबरोबर पाणी सांध्यातून उलटं चढतं. मुख्य छप्पर साडेचौदा फुटांवरून सुरू केलंत तर दोन छपरांच्या मधे भिंतीची पट्टी उरते. तिथे जाळी लावलेले झरोके ठेवा. वरच्या छपराखाली असल्याने ते भिजत नाहीत आणि माळ्यावरची गरम हवा तिथून बाहेर पडते. मार्जिनमध्ये पाखा किती बाहेर काढता येतो याला नियमाने मर्यादा असते. अडीच फूट मंजूर होत नसेल तर खांब आत घ्या, पाखा कापू नका.

उपनगरी राहणीने कोकणी घरातली सर्वांत मोठी उलथापालथ केली ती मोटारीने. पडवीची जागा कार पोर्चने घेतली. आलेल्या माणसाला बसायला जागा नाही, बोनेटला वळसा घालून दारात यायचं, आणि आई-वडील दिवसभर हॉलमध्ये टीव्हीसमोर. म्हणून दक्षिणेचे १३ फूट मी गाडीसाठी ठेवले. १० × १८ फुटांत मध्यम गाडी आणि शेजारी स्कूटर बसते. वर हलकं छप्पर घालायची परवानगी मिळाली तर दक्षिण भिंतीलाही आडोसा होतो. मार्जिनमधल्या आच्छादनाचे नियम जागेगणिक बदलतात, तेव्हा आधी विचारा.

छपरासाठी तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत.

पहिला, भावाचा: सपाट स्लॅब. कोकणातल्या उपनगरांत बहुतेक जण स्लॅब टाकतात आणि चार-पाच पावसाळ्यांत त्यावर रंगीत पत्र्याची शेड चढवतात. अनेक आर्किटेक्ट नाक मुरडतात, पण लोकांनी अनुभवातून शोधलेलं हे चांगलं उत्तर आहे: स्लॅब कोरडा राहतो, पावसात कपडे वाळतात, पापड-कुरडया आणि आमसुलं वाळवायला जागा मिळते. चूक असते ती शेड मागाहून सुचण्याची. मग तिचे खांब स्लॅबवर फिशर बोल्टने टेकवले जातात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड भागात अशी असंख्य छपरं उडाली. हा रस्ता घेणार असाल तर कॉलमच्या सळ्या सुरुवातीलाच स्लॅबच्या वर ठेवा, बेसप्लेटचे बोल्ट काँक्रीटमध्येच पुरा, आणि पत्र्याला कडेच्या व आढ्याच्या ओळीत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारा.

दुसरा रस्ता, बहुधा तुमच्या चित्रातला: उतरता काँक्रीट स्लॅब आणि त्यावर सिमेंटमध्ये चिकटवलेली कौलं. हा मी टाळतो. २५-३० अंशांच्या उतारावर ओलं काँक्रीट खाली घसरतं. वरच्या भागात जाडी कमी पडते, पोकळ्या राहतात, सळीखाली काँक्रीटचा थर राहावा म्हणून ठेवलेले कव्हर ब्लॉक सरकतात. वर वाळूसिमेंटमध्ये कौल बसवलं की पाणी जायची वाट बंद होते, मसाला स्पंजासारखा भिजून राहतो आणि सप्टेंबरपर्यंत स्लॅब ओलाच. करायचाच असेल तर काँक्रीट घट्ट ठेवा, खालून वर भरत जा, ३० अंशांच्या वर दुहेरी शटरिंग लावा. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग करून उताराच्या दिशेने इंचभर जाडीच्या उभ्या पट्ट्या ठोका, त्यांवर कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे रिपा, आणि मग कौलं, म्हणजे कौलाखाली आलेलं पाणी स्लॅबवरून वाहून जाईल.

तिसरा रस्ता मला तुमच्यासाठी योग्य वाटतो: तळमजल्यावर १० फुटांवर सपाट स्लॅब, त्याच्या वर लोखंडी सांगाडा आणि मंगलोरी कौलं. स्लॅबपासून साडेचार फुटांची भिंत आणि त्यावर उतार, म्हणजे मधे साडेबारा फूट उंचीचा माळा मिळतो. त्याच्या एका टोकाला तिसरी बेडरूम, उरलेल्या जागेत गणपतीला १०-१२ माणसं गाद्या टाकून झोपतील. खिडक्या दोन्ही गेबलमध्ये ठेवा. छपरातून डोकावणारी खिडकी काढू नका.

या छपराचा हिशेब असा. पाख्यांसह आडवं क्षेत्र सुमारे १७०० चौरस फूट, उतार धरून १९००. शंभर चौरस फुटांना १५० कौलं, म्हणजे २९०० च्या आसपास; ३२०० मागवा आणि उरलेली परसात रचून ठेवा, कारण चार वर्षांनी तोच साचा मिळेल याची खात्री नसते. रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. आणलेली दहा कौलं जमिनीवर ओळीत जोडून मोजा आणि त्यावरून ठरवा. अर्धा इंच चुकला तरी कौल नीट अडकत नाही. सर्वांत खालच्या तीन ओळी, दोन्ही कडा आणि आढ्यालगतची ओळ तांब्याच्या किंवा स्टेनलेस तारेने रिपेला बांधा. सांगाड्याच्या पाइपची जाडी २ मिमीपेक्षा कमी नको. गॅल्व्हनाइज्ड पाइपसुद्धा वेल्डिंगच्या जागी उघडा पडतो आणि तिथूनच गंजतो, तेव्हा प्रत्येक वेल्ड घासून झिंक प्रायमर आणि त्यावर इपॉक्सीचे दोन हात. पाइपची तोंडं बंद करा. मालक सहसा छपरावर चढून हे पाहत नाहीत. तुम्ही कौलं चढायच्या आधी एक दिवस खास त्यासाठी काढा.

जोराचा पाऊस तासाला १०० मिमी धरला, तर या छपरावरून तासाभरात पंधरा-सोळा हजार लिटर पाणी खाली येतं. म्हणून छपराला आतले कोन नकोतच. दोन पाख्यांच्या आतल्या कोनात जी व्हॅली होते, तिथे दोन उतारांचं पाणी, आंब्याची पानं आणि शेवाळ एकत्र येतं. गळतीची तक्रार आली की मी आधी तिथेच पाहतो. पोर्चवरचा छोटा शोभेचा त्रिकोण दोन व्हॅली घेऊन येतो. साध्या आयताकृती घराला एकही नसते. पन्हळ लावणार असाल तर ६ इंचांची, दर १५ फुटांवर ११० मिमीचा पाइप, नाहीतर पागोळ्या सरळ खाली पडू द्या आणि त्या पडतात तिथे दोन फूट रुंद खडीचा पट्टा करा. मातीत पडल्या तर लाल शिंतोड्यांनी जोतं रंगतं.

एक गोष्ट प्लॉटवर जाऊन पाहायला हवी. आसपास वानरांच्या टोळ्या फिरत असतील तर कौलं दरवर्षी फुटणार. माडाची झाडं छपरावर झुकलेली असतील तरी तेच. अशा ठिकाणी कौलांखाली रिपांच्या आधी पत्र्याचा थर घालणं महाग पडतं, पण मनस्ताप वाचतो.

जांभ्याच्या टाइल्सबद्दल माझं मत ठाम आहे. पातळ काप सिमेंटने विटेच्या भिंतीला चिकटवला, की मागे पोकळी राहते, तिच्यात पाणी जातं, आणि पश्चिमेकडचे तुकडे पहिल्यांदा सुटतात. त्यावर चमकदार लॅकर मारलं तर आतली ओल बाहेर पडत नाही आणि पांढरे चट्टे येतात. जांभा तुमच्याच जिल्ह्यातल्या खाणींत निघतो, मग भिंतच चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या अख्ख्या ठोकळ्यांची, करा. चिऱ्याची मापं खाणीगणिक बदलतात. १४ × ९ × ७ इंचांचा धरला तर ९ इंची भिंतीला शंभर चौरस फुटांत १३० चिरे लागतात, तुटीसह १४०. चिरा घेताना दोन गोष्टी पाहा: ठोकल्यावर आवाज खणखणीत यावा, आणि पोटात पांढरट-पिवळ्या मातीचे मोठे गोळे नसावेत, कारण ती माती पावसात धुऊन जाते आणि भोक राहतं. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, उघड्यावर राहून कडक होतो. शक्य असेल तर तो दिवाळीनंतर लगेच आणून रचून ठेवा आणि बांधकामाला महिना-दोन महिन्यांनी वापरा. पडवीच्या आतली, पाख्याखालची भिंत उघडा चिरा ठेवा, १:६ चा मसाला आणि दरजा भरलेल्या. दक्षिण-पश्चिमेच्या उघड्या भागाला प्लास्टर करा, किंवा सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचं, भिंतीला श्वास घेऊ देणारं पाणीरोधक दर काही वर्षांनी मारा.

कमानींचं थोडक्यात सांगतो. बाहेरच्या उघड्या कमानीतून पाऊस येतो आणि गोल माथ्याच्या खिडकीची झडप पावसाळ्यात फुगली की सुताराशिवाय उघडत नाही. कमान आवडत असेल तर एकच करा, ओटी आणि माजघराच्या मधे, चार फुटांची, चिऱ्याचे कलते काप लावून खरी भार घेणारी. बाहेर सगळ्या खिडक्या सरळ चौकोनी.

घराच्या आत उपनगरी राहणीचा ताण दोन टोकांचा आहे. दहा महिने दोन वयस्कर माणसं, आणि गणपतीत पंधरा-सोळा. त्यासाठी मोठ्या हॉलपेक्षा १४ × १६ फुटांचं माजघर करा, त्याच्या पूर्वेकडच्या भिंतीला ४ × ६ फुटांची जागा मखरासाठी मोकळी, वर माटवी (गणपतीवरची सजवलेली चौकट) टांगायला स्लॅबमध्ये आधीच चार हुक आणि बाजूला दोन प्लग पॉइंट. ओटीवरून माजघरात येणारं दार ४ फूट रुंद. आई-वडिलांची बेडरूम तळमजल्यावर, तिच्या न्हाणीघराचं दार ३ फुटांचं आणि उंबऱ्याविना. मागची पडवी कपडे वाळवणं, भांडी आणि पाणी तापवायचा बंब यांसाठी. पावसाळ्यात सौर पाणीतापकावर विसंबता येत नाही. आणि प्लायवूड, एमडीएफ, जिप्सम सीलिंग शक्य तितकं टाळा. आई-वडील महिनाभर मुंबईला गेले आणि घर जुलैत बंद राहिलं, तर बुरशी सगळ्यांत आधी कपाटांच्या मागच्या फळीवर येते. फेरोसिमेंटच्या किंवा कडप्प्याच्या फडताळांना हा त्रास नाही.

काँक्रीटबद्दल कॉन्ट्रॅक्टरशी आधीच स्पष्ट बोला. समुद्री हवेला उघडं असलेलं काँक्रीट आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ‘सिव्हिअर’ (तीव्र) वर्गात येतं: किमान एम३० प्रतीचं काँक्रीट आणि सळीवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. साइटवर सर्रास २०-२५ मिमीचे कव्हर ब्लॉक दिसतात. छज्ज्यांच्या खालून सळ्या उघड्या पडलेली घरं तुम्ही पाहिली असतील, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कमी कव्हर हेच कारण असतं. तुमचा प्लॉट किनाऱ्यापासून आत आहे, त्यामुळे आडोशातल्या आतल्या भागाला थोडी सूट मिळते, पण छज्जे, पाख्याखालचे बीम आणि पडवीचे खांब यांना ती देऊ नका. तिथला भाग कातळाचा असेल तर पाणी मुरत नाही, वाहतं. जोतं किमान अडीच फूट घ्या आणि कंपाउंडच्या भिंतीला तळाशी दर ६-८ फुटांवर ४ इंची पाइप ठेवा, नाहीतर वरच्या अंगाचं पाणी साठून भिंत ढकलतं.

घर पुढे वाढेल याचाही विचार आत्ताच करा. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला १९८० च्या दशकात आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत उभारली तेव्हा प्रत्येक घर स्वतःच्या भिंतींवर उभं केलं, शेजाऱ्याशी भिंत न जोडता, म्हणजे ज्याला त्याला आपलं घर हवं तसं वाढवता यावं. लोकांनी पुढे तिथे मनाजोगे बदल केलेही. तुमच्याकडे मागे ४२ फूट आहेत. मागच्या पडवीच्या उत्तर टोकाला पुढे एक खोली जोडता येईल अशी पायाची आणि ड्रेनेजची तरतूद ठेवा. सेप्टिक टँक त्या जागेत येऊ देऊ नका.

माझं उत्तर दोन गोष्टींवर बदलेल. आई-वडील तिथे कायम राहणार नसतील तर कौलांपेक्षा भावाचा स्लॅब आणि नीट बांधलेली पत्र्याची शेड बरी, कारण कौलांना दरवर्षी मे महिन्यात चाळणारा माणूस लागतो. आणि रस्ता पश्चिमेऐवजी पूर्वेला असता तर गेबल समोर ठेवायला माझी हरकत नव्हती.

आर्किटेक्टकडे परत जाताना थ्रीडी चित्र बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी मागा. एक, छपराचा वरून दिसणारा नकाशा, ज्यात प्रत्येक उतारावर पाण्याच्या दिशेचा बाण असेल. दोन बाण एकमेकांवर येतात तिथे व्हॅली आहे. दुसरी, १:२० मापात पडवीचा उभा छेद, पाख्याची कड, खांब, जोतं आणि दाराचा माथा दाखवणारा. त्या छेदावर कडेच्या टोकापासून ४५ अंशांची रेघ स्वतः ओढून पाहा, पाणी कुठवर येतं ते दिसेल. परवानगी ऑक्टोबरपर्यंत हातात असेल तर पाया नोव्हेंबरमध्ये, स्लॅब फेब्रुवारीत आणि कौलं मेच्या दुसऱ्या आठवड्याआधी चढतात. उशीर झाला तर कौलांची घाई करू नका. स्लॅबवर ताडपत्रीचं छप्पर घालून पावसाळा काढा आणि सांगाडा दिवाळीनंतर उभा करा.